वेशीवरचे मंगोल

थांबा जरा, घोडा दामटू नका. आधी ओळख तर होऊ द्या. मी वेस. मद्रहिम आचाऱ्याच्या गावची वेस बोलतेय तुमच्याशी.

गाव संगणकाच्या पडद्यातलं, खेळातलं. मद्रहिम मात्र खराखुरा, हाडामांसाचा, ख्वारिझमातल्या हजारास्प गावी राहणारा, उभ्या जिल्ह्याच्या लग्नांत पुलावाची कढई सांभाळणारा. पडद्याची काच ही माझी खिडकी. तुम्ही तिच्यातून आत बघता तशी मी बाहेर बघते. आणि एक सांगते, राग मानू नका, पण खेळताना माणसाचा चेहरा बघण्यासारखा असतो. जीभ दातांत, भुवया कपाळात, शेजारचा चहा गार होऊन त्यावर माशी फिरतेय, तरी ह्याचं हूं नाही की चूं नाही.

मला घडवलं ते कुठल्याशा लांबच्या शहरात, खुर्चीवर बसून काम करणाऱ्या लोकांनी. चांगले लोक असतील बिचारे, पण ख्वारिझमची माती त्यांनी कधी पाहिलेली नसणार. नाहीतर मला करड्या दगडाची कशाला केली असती? दोन अंगांना दोन बुरूज, मधे जाड फळ्यांची दारं, वर लोखंडी पट्ट्या. मद्रहिमनं मला पहिल्यांदा पाहिलं आणि नाकच मुरडलं.

"दगड? आपल्याकडं? इथं चूल मांडायला दगड मिळत नाही, आणि ह्यांनी अख्खी वेस बांधली!"

"दादा, खेळ आहे तो," त्याची एकुलती लेक आयजमाल म्हणाली.

"खेळ असला म्हणून काय झालं? गवंड्याला अक्कल नको?"

अशी माझी आणि माझ्या मालकाची पहिली भेट.

माझं आयुष्य तुमच्यासारखं एकदा जन्मून एकदा मरायचं नाही, बरं का. डाव मांडला की चार बाया-बापडे हातोडे घेऊन येतात, ठाकठूक करतात आणि मी पायापासून वर उगवते. डाव मोडला की मी नाही. मधल्या वेळात मंगोल येतात. कधी फोडतात, कधी जाळतात. इतक्या वेळा मेले की मरणाचं आता काही वाटत नाही. पण तडा गेलाय, वेस फोडायचा ओंडका छातीवर आदळतोय आणि डागडुजीला कुणी फिरकत नाही, तेव्हा मात्र फार वाटतं. ते दुखणं वेगळं.

संगणक त्या घरात आला तो आयजमालच्या शिक्षणासाठी. ती शिकली, दवाखान्यात नर्स झाली, आणि संगणक भरतकामाचा रुमाल पांघरून कोपऱ्यात बसला. मद्रहिमची बायको शराफत त्याच्यावर जर्दाळूचं ताट ठेवायची. मग रोज्यांचा महिना आला. रोज्यांत लग्नं नाहीत. लग्नं नाहीत तर कढई पालथी, आणि कढई पालथी म्हणजे मद्रहिम घरात. दिवसभर बायकोच्या पायात पायात. मीठ किती घातलंस, गाजर असं चिरतात का, तेल तापू तरी दे. शेवटी शराफतनं बाजारातल्या यादगारला बोलावणं धाडलं.

यादगारची बाजारात संगणक दुरुस्तीची टपरी. आईबाप लहानपणीच गेले, मावशीनं वाढवलेला. बोलायचा इतकं हळू, की ऐकणाऱ्यानं पुढं वाकावं.

"काहीतरी खेळ घाल बाबा ह्यात," शराफत म्हणाली. "ह्यांच्या हाताला काम दे, नाहीतर ईदेपर्यंत मी माहेरी जाते."

यादगारनं खेळ बसवून दिला. "आका," तो म्हणाला, आमच्याकडं थोरल्या माणसाला आका म्हणतात, "तुम्ही गाव वसवायचं. मेंढ्या, शेतं, लाकूडफाटा. गाव भरभराटीला आलं की मंगोल येतात. त्यांना थोपवायचं."

"मंगोल?" मद्रहिम ताठ बसला. ख्वारिझमात हे नाव काढलं की माणसं अजून अशी पेटतात, जसं काही गेल्या आठवड्यातच कुणीतरी अंगण तुडवून गेलंय. "आपली शहरं बेचिराख केली त्यांनी! सरक तिकडं. बघतो एकेकाला."

बघतो कसला! पहिल्या दिवशी तर माझा पाया भरायच्या आत गाव जळालं. त्याला कारण होतं. मद्रहिमनं जन्मभर एकच गोष्ट केलेली, आल्यागेल्याला जेवू घालणं. इथंही तेच. मेंढ्या जमवल्या, शेतं नांगरली, गिरण्या बांधल्या, कोठारं शिगोशीग भरली. आणि सैन्य? एक भालाईत, तोही मेंढ्यांच्या मागं उभा.

"दादा, शिपाई करा ना आता."

"करतो गं. आधी जेवणाचं बघू दे. उपाशी माणूस लढतो का?"

"पण लढायला माणूस तर हवा!"

"माणसं काय, जेवायच्या वेळेला जमतातच."

हळूहळू शिकला मात्र. तटावर तिरंदाज चढले. वेशीला कडी लावायची हे कळलं. पडद्यावर कुलपाचं एक चित्र आहे, ते दाबलं की माझी दारं घट्ट. आयजमाल दवाखान्यातून आली की शेजारी स्टूल ओढून बसायची. बापाचं लक्ष एका वेळी एकाच कढईवर, त्यामुळं माझी डागडुजी तिच्याकडं. गावातल्या बायांत एक लाल फडकं बांधलेली होती. आयजमाल नेहमी तिलाच माझ्याकडं पिटाळायची. ती बाई आली, हातोडा पडू लागला, की माझ्या जिवात जीव यायचा.

रोजे संपले, ईद झाली, लग्नं पुन्हा सुरू झाली, तरी शुक्रवारची दुपार मद्रहिमनं खेळाला राखून ठेवली. मंगोलांच्या बाजूनं आता यादगार खेळायचा, आपल्या टपरीत बसून. संगणकाशेजारच्या आवाजाच्या पेटीतून इकडचं बोलणं तिकडं ऐकू जाई, तिकडचं इकडं. म्हणजे तसं इकडूनच जास्त जाई.

आता एक गोष्ट सांगते, जी तेव्हा माझ्याशिवाय कुणाला ठाऊक नव्हती. मला मारणारे मी ढिगानं पाहिलेत. कुणी दात ओठ खाऊन मारतं, कुणी जांभया देत मारतं. यादगारचा ओंडका तसला नव्हता. तो येऊन लागायचा, मी हलायचे, आणि फळी तडकायची वेळ आली की मागं सरायचा. थोडा थांबून पुन्हा लागायचा. पुन्हा मागं. मग घोडे वळत, धूळ उडे, मंगोल पसार. मला पहिल्याच शुक्रवारी कळलं, हा पोरगा वेस फोडत नाहीये, दार वाजवतोय.

का, ते सांगायला नको. एकतर पोराला मोठ्या माणसाचा पराभव करायची लाज. आणि दुसरं कारण तिथं स्टुलावर बसून माझी डागडुजी करत होतं.

मद्रहिमला ह्यातलं काही कळत नव्हतं. तो मांडीवर थाप मारून ओरडायचा, "पळाले! शराफत, पळाले बघ!"

"पळू देत," शराफत स्वयंपाकघरातून म्हणायची, "तुम्ही मेंढीला पाला घाला. आपल्या खऱ्या मेंढीला."

मग एके दिवशी यादगारची मावशी सनोबर मागणी घालायला आली. आमच्याकडं मुलीच्या घरी बायका जातात, रोट्या घेऊन. पहिल्या खेपेला कुणी हो म्हणत नाही, ते हलकेपणाचं दिसतं. दुसऱ्या खेपेलाही चहा पाजून, इकडचं तिकडचं बोलून बोळवण करतात. तिसऱ्या खेपेला मात्र उत्तर द्यावं लागतं. तेव्हा दोन्ही घरांच्या वतीनं रोटी मोडली, की लग्न ठरलं. आणि नाही मोडली, तर पुन्हा ते घर ह्या घराची पायरी चढत नाही.

दोन खेपा झाल्या. दुसरीच्या वेळी सनोबर मावशी गेल्यावर शराफतनं विचारलं, "काय कमी आहे हो पोरात?"

"मऊ आहे," मद्रहिम म्हणाला. "दर शुक्रवारी हरतो. एवढं घोडदळ घेऊन येतो आणि एक वेस फुटत नाही त्याच्यानं. असला माणूस उद्या घर काय सांभाळणार?"

"अहो, तो मुद्दाम हरतो तुमच्याशी!"

"मुद्दाम?"

"साऱ्या हजारास्पला माहीत आहे. तुमच्या मेंढ्यांना माहीत असेल."

मद्रहिमचा चेहरा असा झाला, की भर पंगतीत कुणी म्हणावं, पुलाव करपलाय. दोघी निजायच्या तयारीला लागल्या आणि हा माझ्यासमोर येऊन बसला. माउसला हात नाही, काही नाही. नुसता बघत राहिला. बाहेर अंगणात आयजमालच्या चपलांचा आवाज येत होता, नळापासून पडवीपर्यंत, पडवीपासून नळापर्यंत. तो आवाज जिकडं जाई तिकडं ह्याची मान हळूच वळे. तेव्हा मला समजलं, पोरगा मऊ आहे हे नुसतं तोंडानं म्हणायला. एकुलती एक लेक. ती गेली की ह्या घरात गाजराला नावं ठेवायची, ती तरी कुणासमोर?

सकाळी त्यानं फर्मान काढलं. सनोबरला निरोप गेला. तिसऱ्या खेपेला शुक्रवारीच यावं. यादगारनं आपल्या टपरीतून खेळावं, खरं खेळावं, हातचं राखू नये. तो ह्या वेशीतून आत आला, तर रोटी मोडू. नाही आला, तर पुन्हा येऊ नये.

त्या दिवशी आयजमालच्या हातून दोन पियाले फुटले.

"दादा, मग डागडुजी कोण करणार?" तिनं शेवटी विचारलं.

"तूच. नेहमीसारखी. आणि खरी कर. मला फसवू नकोस."

"फसवणार नाही," ती म्हणाली, आणि खालमानेनं काचा गोळा करू लागली.

शुक्रवार आला. सनोबर मावशी दस्तरखानाशी, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडाशी, ऐसपैस बसली. मधे रोट्या, सुका खरबूज, बराक, म्हणजे आत अंडं भरून उकडलेल्या कणकेच्या घड्या. शराफत चहा ओतत होती आणि तिचं अर्धं लक्ष पडद्याकडं.

"शराफत, ते घोडे आपले का त्यांचे?" मावशीनं विचारलं.

"घोडे तुमचे, सनोबर-ओपा," शराफत म्हणाली. ओपा म्हणजे थोरली बहीण. "मेंढ्या आमच्या."

"मग मेंढ्या जास्त दिसतात."

"आमच्याकडं असंच असतं."

मद्रहिमनं त्या दिवशी कमाल केली. तट दुहेरी, बुरुजांवर तिरंदाज, कोठारं भरलेली. कुलूप दाबून मला घट्ट बंद केलं. आणि लांबून नगारा वाजला. मंगोल आले.

खरं सांगते, मी इतक्या वेळा मेले, पण त्या दिवशी घाबरले. कारण यादगारनं फर्मान पाळलं होतं. घोडेस्वार वाऱ्यासारखे आले, बाण सोडून वळले, तिरंदाज त्यांच्या मागं तटाखाली उतरले, तसे ते गर्रकन फिरले आणि सगळ्यांना गारद केलं. मग ओंडका आला. पहिला घाव बसला आणि माझ्या बुरुजावरची धूळ खाली आली. हे वाजवणं नव्हतं. आयजमालनं लाल फडकेवालीला माझ्याकडं पळवलं. ती हातोडा चालवू लागली. तिकडून घाव, इकडून हातोडा. एकीकडून तो मला फोडतोय, दुसरीकडून ती मला सांधतेय, आणि दोघांनाही हवं ते एकच! पण बापाला दिलेला शब्द आहे. पोरीच्या डोळ्यांतून टपटप पाणी गळत होतं, तरी एक खिळा चुकला नाही तिचा.

"शाब्बास!" मद्रहिम ओरडत होता. "डावीकडं बघ, डावीकडं पेटलंय!"

"बघतेय, दादा."

तरी मी फुटणारच होते. फळ्या पेटल्या, पट्ट्या वाकल्या. अजून दोन-चार घाव, की संपलं. तेवढ्यात मद्रहिमच्या तोंडून शब्द निघून गेला. मोठ्यानं नाही, अगदी आतून. "गेली रे, गेली माझी."

तो मला म्हणाला का आणखी कुणाला, ते त्यालाच ठाऊक. पण टपरीत ते ऐकू गेलं.

ओंडका थांबला. मागं सरला.

सनोबर मावशीनं कपाळावर हात मारला. "अरे गाढवा, आता कसला थांबतोस!"

"मावशी," त्या पेटीतून यादगारचा आवाज आला, नेहमीसारखा हळू, "माझ्यानं नाही होत. आका रडतायत."

"कोण रडतंय?" मद्रहिम गरजला. "धूर गेला डोळ्यात! खेळ! खरं खेळ म्हटलं होतं ना तुला!"

"खेळलो, आका. ह्यापुढं हात चालत नाही. माझी हार."

शराफतच्या हातातली चहाची किटली तशीच वर. मावशी उठून आपली शाल शोधू लागली. तिसरी खेप होती. आता ती गेली, की गेली.

आणि आयजमालनं बापाच्या हातातून माउस काढून घेतला. तिनं कुलपाचं चित्र दाबलं. माझी कडी निघाली. मग लाल फडकेवालीला चार पावलं पुढं आणून बरोबर माझ्या दोन दारांच्या मधे उभं केलं. आपलं माणूस दारात उभं असलं की मला मिटता येत नाही, तशी माझी घडणच आहे. मी उघडी. दारात एकटी बाई, हातात हातोडा. समोर सगळं मंगोल सैन्य.

"हे काय केलंस?" मद्रहिम म्हणाला.

"तुम्ही म्हणालात, मला फसवू नकोस. तुमच्या डोळ्यांदेखत उघडलं, दादा. चोरून नाही."

आता यावं ना त्यानं आत? नाही. घोडे ओळीनं उभे राहिले. शेपट्या हलवताहेत, खूर आपटताहेत, पण एकही पाऊल पुढं नाही. अहो, पोरगा कितीही मंगोल झाला तरी हजारास्पचा! दार उघडं असलं म्हणून घरधन्यानं बोलावल्याशिवाय उंबरा ओलांडायचा कसा? उभा राहिला. आम्ही सगळे उभे राहिलो. वारा वाहतोय, धूर विरतोय, आणि उघड्या दाराबाहेर इतके सारे पाहुणे ताटकळत.

मद्रहिम खुर्चीत चुळबुळू लागला. त्यानं एकदा घोड्यांकडं पाहिलं, एकदा भरलेल्या कोठारांकडं. दारात माणूस उभा आणि आपण बसून, हे त्याच्या सात पिढ्यांत कुणाला जमलं नव्हतं. त्याचा हात आपोआप छातीवर गेला. तोंड आपोआप उघडलं.

"या, या, आत या! बाहेर का उभे?"

बस्स. घोडे आत. एकामागून एक, रांगेनं, लाल फडकेवालीला धक्का न लावता, मेंढ्यांमधून वाट काढत, थेट चौकात.

मद्रहिम भानावर आला तोवर सनोबर मावशीनं शाल टाकून रोटी उचललीसुद्धा होती. "ऐकलं ना सगळ्यांनी? आत या म्हणाले!"

"अहो, मी ते घोड्यांना म्हणालो!"

"आणि घोड्यांवर कोण बसलंय?" मावशी म्हणाली, आणि कटकन रोटी मोडली.

मद्रहिमचे खांदे हलायला लागले. आधी वाटलं रडतोय, पण हसत होता. थोडं दोन्हीही असेल. धूर तर केव्हाच विरला होता.

लग्नात पुलाव त्यानं स्वतः शिजवला, कुणाला कढईजवळ फिरकू दिलं नाही. आयजमाल जवळच्या खानका गावी, यादगारच्या आईबापांच्या मागं राहिलेल्या घरात नांदायला गेली. यादगारनं आपली टपरी तिकडच्या बाजारात हलवली. इकडं संगणकावर पुन्हा रुमाल आला, रुमालावर जर्दाळू. मी अंधारात. किती दिवस गेले ते विचारू नका, अंधारात मोजता येत नाही. बाहेरचं नुसतं ऐकू यायचं. शराफत म्हणायची, "आज गाजराला काही बोलला नाहीत." आणि हा म्हणायचा, "ठीक आहे गाजर."

मग एका शुक्रवारी रुमाल उचलला गेला. यंत्र घुरघुरलं, उजेड झाला, हातोडे वाजले, आणि मी वर आले. मद्रहिम समोर, थोडा वाळलेला. बांधून होतेय तोच लांबून नगारा. मंगोल. यादगारचे नव्हते, पहिल्याच घावाला माझं एक दार निखळलं. कसली दयामाया नाही, कसली लाज नाही. आणि पेटीतून हसण्याचा आवाज.

"दादा! शिपाई कुठंयत तुमचे? पुन्हा नुसत्या मेंढ्याच?"

"अगं ए बये!" मद्रहिम खुर्चीतून अर्धा उठला. "बापाचं गाव जाळतेस? हेच शिकवलं का सासरी?"

"तुमचा जावई शिकवत नाही हो, तो तर म्हणतोय थांब. मीच नाही थांबत!"

शराफत पिठाच्या हातांनी धावत आली. "पोरी, जेवलीस का?"

"जेवते, एना," आईला ती एना म्हणायची, "आधी हे गाव लुटू दे."

तेव्हापासून दर शुक्रवारी माझं मरण ठरलेलं. पण सांगू? ख्वारिझमात एवढी शतकं मंगोलांचं नाव निघालं की लोक छाती पिटायचे. हा एकच माणूस असा, की मंगोल यायला उशीर झाला तर ह्याचा जीव खालीवर होतो. दुपारचा नमाज झाला की येऊन बसतो. मेंढ्या जमवतो, कोठारं भरतो. सैन्य करतच नाही आता. कडीही लावत नाही. तटाकडं डोळे लावून बसतो आणि मधूनच बायकोला विचारतो, "खानकाला वीज तर गेली नसेल ना?"

आज अजून नगारा वाजलेला नाही. तो वाजला की मला बोलायला फुरसत व्हायची नाही, म्हणून जाता जाता तुम्हालाही सांगते. तुमचंही असं कुणी म्हातारं माणूस कोठारं भरून, दार उघडं टाकून बसलेलं असेल. फार दिवस त्याला निवांत ठेवू नका. घोडे घ्या, नगारा घ्या आणि घाला धाड.

ऐकलंत? आली वाटतं. चला, माझी फुटायची वेळ झाली.